परका कोण? : टिळकांची भाषणे आणि आपली तर्कबुद्धी



संयोजकांनी आम्हाला विषय दिला होता अमेरिकन राजकीय भाषणांचा. त्यांतले युक्तिवाद, त्यांतले हेत्वाभास. तीसेक वर्षं आम्ही तर्कशास्त्र शिकवलं, ते बहुतेक अमेरिकन पाठ्यपुस्तकांतूनच, त्यामुळे विषय हाताखालचा होता. टिपणंही तयार होती. काल संध्याकाळी तवसाळहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि मनात आलं, की टिळकांचा जन्म झाला ती रत्नागिरीतली आळी इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि आम्ही इथं येऊन निक्सनच्या चुका सांगणार? म्हणून विषय थोडा वळवला आहे. अमेरिका येईल, पण दारापर्यंतच. घरात बसायचंय ते टिळकांच्या भाषणांपाशी.

आधी तीन शब्द पक्के करू. भाषण माणसाला पटतं ते कशानं? ॲरिस्टॉटलनं तीन गोष्टी सांगितल्या. एक, बोलणाऱ्याची पत. दुसरी, ऐकणाऱ्याची भावना. तिसरी, बोलण्यातला आधार, म्हणजे विधानापासून निष्कर्षापर्यंतची वाट. या तिन्ही गोष्टी प्रत्येक भाषणात असतातच, आणि असण्यात पाप काही नाही. वैद्यावर भरवसा असतो म्हणून आपण औषध घेतो, ती पतच झाली. घोटाळा होतो तो एका जागी दुसरी गोष्ट आणून बसवली की. आधार मागितला आणि वक्त्यानं पत दाखवली. हिशेब मागितला आणि त्यानं डोळ्यांत पाणी आणलं. याला हेत्वाभास म्हणायचं. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नाही.

वर्गात आम्ही याची दोन ठरलेली उदाहरणं द्यायचो. रिचर्ड निक्सन १९५२ मध्ये उपाध्यक्षपदाला उभे होते. समर्थकांनी त्यांच्यासाठी जमवलेल्या अठरा हजार डॉलरांच्या निधीवरून गदारोळ उठला. २३ सप्टेंबरला निक्सन दूरचित्रवाणीवर आले. हिशेब त्यांनी दिला, नाही असं नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं काय? बायकोचा साधा कापडी कोट, आणि कुणीतरी मुलींना भेट पाठवलेलं चेकर्स नावाचं कुत्रं. पोरींचा त्याच्यावर जीव आहे, कोणी काहीही म्हणो, ते आम्ही परत करणार नाही! कुत्रं परत करा असं मागितलं होतं कुणी? प्रश्न निधीचा, उत्तर कुत्र्याचं. दुसरं उदाहरण सिनेटर मॅकार्थींचं. फेब्रुवारी १९५० मध्ये व्हीलिंग गावच्या सभेत ते म्हणाले, परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. पुढे आकडा बदलत गेला, आरोप शाबीत काही झाले नाहीत. पण यादी 'आहे' एवढ्यावरच कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या.

पोरं हसायची. फळ्यावर नावं लिहायची, हा विषयांतराचा हेत्वाभास, हा पुराव्याविना आरोप. परीक्षेत दहापैकी आठ मार्क. आम्हीही खूश.

आणि मग एकदा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, सरकार परकं आहे म्हणून. कायदा चांगला की वाईट हे न बघता तो कोण करतंय हे बघणं, हा तोच हेत्वाभास नाही का?"

वर्ग गप्प झाला. आम्ही काय म्हणालो, ते सांगायला आजही जीभ अडखळते. आम्ही म्हणालो, "टिळकांना तर्कशास्त्र तू शिकवणार का?" वर्ग हसला. मुलगी बसली. वर्षभरात तिनं पुन्हा प्रश्न विचारला नाही.

बघा मंडळी, आधाराच्या जागी पत आणून बसवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला कोणत्याही अमेरिकन पुस्तकात सापडलेलं नाही, आणि ते आमच्याच तोंडचं. निक्सनच्या चुका दिसतात, कारण तिथं आपलं कोणी नसतं. खरी परीक्षा आपल्या माणसाजवळ सुरू होते. त्या मुलीच्या प्रश्नाचं देणं आमच्याकडे राहिलेलं आहे. आज ते फेडायचा प्रयत्न करतो.

पण १८९१ वर यायला आपण उलटीकडून, १९१६ वरून येऊ. का, ते पुढे कळेल.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा, १९०८ मध्ये सहा वर्षांची. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. १ मे रोजी बेळगावला आणि ३१ मे व १ जून रोजी तेव्हाच्या अहमदनगरला टिळकांची स्वराज्यावर भाषणं झाली. ती सरकारी लघुलेखकांनी टिपून घेतली. जुलैमध्ये, साठीचा सोहळा चालू असतानाच, नोटीस आली, की वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका द्या, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं तसा हुकूमही केला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी हुकूम रद्द केला.

बॅचलर साहेबांनी निकालात वाचनाची जी रीत सांगितली, ती टीकाकारानं गाठीला बांधून ठेवावी अशी आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की भाषण अखंड वाचावं, मोकळ्या मनानं वाचावं, सुट्या वाक्यांवर अडून बसू नये. आम्ही आज तीच रीत पाळणार आहोत. आरोपीच्या बाबतीत पाळली गेली, मग देवाच्या बाबतीतही पाळावी.

या भाषणांत टिळक काय करतात? पहिली गोष्ट, 'सरकार' या शब्दाचे दोन भाग करतात. एक सूक्ष्म सरकार, दुसरं डोळ्यांना दिसणारं. एक राजसत्ता, दुसरी रोजचा कारभार हाकणारी नोकरशाही. समोरच्या श्रोत्याला ब्रह्म आणि माया, निर्गुण आणि सगुण ही भाषा लहानपणापासून ऐकून ठाऊक. मग पुढचा दृष्टान्त देवाचा आणि पुजाऱ्याचा. पुजारी बदला म्हटलं म्हणजे देव नको असं होतं का? तसं, हे अधिकारी नकोत, कारभार आमच्या हाती द्या म्हटलं, तर राजाचा द्रोह कसा होईल?

भाषण म्हणून हे लाजवाब आहे. वेदान्त आणि देऊळ, दोन्ही घरचं. पण तर्क म्हणून बघा. न्यायशास्त्रात दृष्टान्ताला एक अट आहे, ज्या बाबतीत तुलना करायची त्या बाबतीत तो जुळला पाहिजे. देव पुजाऱ्याला नेमत नाही, त्याला पगार देत नाही, दानपेटीतला वाटा घेत नाही. इंग्रजी राज्यात मात्र कलेक्टरला नेमणारी, त्याला राखणारी आणि वसुली घेणारी सत्ता वरचीच होती. म्हणजे नेमक्या सांध्यावर दृष्टान्त लंगडतो. फिर्यादी पक्ष म्हणू शकला असता, हा शब्दच्छल आहे.

छल म्हणजे काय? न्यायसूत्रांच्या परंपरेतलं जुनं उदाहरण आहे. एक जण म्हणतो, या मुलाजवळ नवकंबल आहे. त्याला म्हणायचंय, नवी घोंगडी. दुसरा म्हणतो, खोटं! नऊ कुठायत, एकच तर आहे. 'नव' शब्दाचे दोन अर्थ, त्यांतला सोयीचा उचलायचा. टिळक 'सरकार' शब्दाचं असंच करतात का?

आमचं मत असं, की नाही. छलात श्रोत्याला फसवायचं असतं, आणि अर्थ गुपचूप बदललेला असतो. टिळक अर्थ उघड फोडून दाखवतात, मोठ्यानं सांगतात की मी शब्दाचे दोन भाग करतोय. शिवाय शब्दात गोंधळ घातला होता तो कायद्यानं. १२४-अ कलमात 'कायद्यानं स्थापित सरकार'विषयी अप्रीती हा गुन्हा, आणि १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव इथपर्यंत अर्थ ताणला होता. ज्या देशात सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा, तिथं बोलणाऱ्यानं सरकार म्हणजे कोण हे विचारायचं नाही तर काय करायचं? दृष्टान्त दुबळा आहे, पण भेद खरा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. आमच्या वर्गात त्या कधी वेगळ्या मोजल्या गेल्या नाहीत. हेत्वाभासाचं नाव सापडलं की पोरं पेन खाली ठेवायची.

दुसरी गोष्ट आजच्या विषयाचा गाभा आहे. अहमदनगरला टिळक विचारतात, परका कोण? आणि उत्तर देतात, की परकेपण कातडीच्या रंगात नाही, धर्मात नाही, ते हितसंबंधात आहे. या देशातल्या लोकांच्या हिताचं जो करतो तो, मुसलमान असो की इंग्रज, परका नव्हे. ज्याचं हित वेगळं, जो आपलं सोडून दुसऱ्याचं बघतो, तो परका.

१९१६ साल आहे, हे विसरू नका. त्याच वर्षअखेर लखनौला काँग्रेस-लीग करार व्हायचा होता. टिळकांचा वकील जिना. अशा वेळी भरसभेत 'परका' हा शब्द वंशापासून सोडवून कृतीला बांधणं, ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स स्टीव्हनसन यांनी १९३८ मध्ये अशा व्याख्येला नाव दिलं, मन वळवणारी व्याख्या. शब्दातली भावना तशीच ठेवायची, बोट दुसरीकडे वळवायचं. 'परका' म्हटल्यावर जो राग येतो, तो गोऱ्या माणसावरून काढून टिळकांनी वाईट कारभारावर नेला.

यात धोका आहे का? आहे. हित कशात आहे हे ठरवणार कोण? व्यासपीठावरचा माणूसच ठरवणार असेल, तर व्याख्या गोल फिरते. तू परका का? तुझं हित वेगळं म्हणून. हित वेगळं कशावरून? तू परका आहेस ना! अशा फिरकीत जो आपल्याशी सहमत नाही तो गावचा असूनही परका ठरतो.

टिळक या फिरकीत सापडले का? १९१६ मध्ये तरी नाही, कारण त्यांनी व्याख्येला तपासता येतील अशा गोष्टी बांधल्या. जंगलाच्या तक्रारी, दारूचा म्हणजे अबकारीचा प्रश्न, कुलकर्णी वतनांचा प्रश्न. गावाला दारू नको असली, तरी ती बंद करण्याचा अधिकार गावाला आहे का? याचं उत्तर श्रोत्याला टिळकांवर विश्वास न ठेवताही देता येतं, कारण तो स्वतःच्या गावात जाऊन बघू शकतो. चांगल्या भाषणाची आमची खूण हीच. वक्ता निघून गेल्यावर त्याचं म्हणणं त्याच्या गैरहजेरीत तपासता येतं का? निक्सनच्या कुत्र्याचं काय तपासणार? मॅकार्थींची यादी कुणी बघितली?

आणि भावनेचं म्हणाल, तर ती इथंही आहे, भरपूर आहे. भावना असली की हेत्वाभास, असं आम्ही पोरांना शिकवत आलो, ते चूक होतं. फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला रोचेस्टरमध्ये गोऱ्या श्रोत्यांना विचारलं, तुमचा स्वातंत्र्यदिन गुलामाला काय होय? ते भाषण संतापानं पेटलेलं आहे. पण संताप वस्तुस्थितीतून निघालेला आहे, तिच्या जागी आणून ठेवलेला नाही. तसंच हे.

आता त्या मुलीचा प्रश्न.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगात मरण पावली. बेहरामजी मलबारी आधीपासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला, संमतिवय दहावरून बारा. टिळकांनी विरोध केला. अखंड वाचायचं म्हणून त्यांचे युक्तिवाद वेगवेगळे मांडतो. एक, शास्त्राचा. गर्भाधानविधी काळावर झाला पाहिजे, कायदा त्यात आड येतो. यावर डॉ. भांडारकरांशी त्यांचा वाद झाला. दोन, सुधारणा समाजाच्या मनातून यावी, कायद्याच्या दांडक्यानं नको. इथं टिळकांना ढोंगी म्हणता येणार नाही. मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, असा स्वतःला बांधून घेणारा नियम त्यांनी सुधारकांपुढे ठेवला होता. तीन, परक्या सरकारला आपल्या धर्मात हात घालू देऊ नये, पायंडा पडतो.

पहिल्या युक्तिवादावर शास्त्रानंच वाद होऊ शकतो, आणि झाला. दुसरा रास्त आहे, चूक असला तरी हेत्वाभास नाही. तिसऱ्यात पायंड्याची भीती ही परिणामाची गोष्ट, तीही मोजता येते. पण मोजताना दुसऱ्या पारड्यात काय ठेवलं? अकरा वर्षांच्या मुलीचा जीव. तिथं 'सरकार परकं' हे वजन काट्यावर टाकून काटा वळवला गेला. कायदा काय म्हणतो यापेक्षा तो कोण म्हणतो हे मोठं झालं.

तेव्हा पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. अर्धं हो, अर्धं नाही. टिळकांचा सगळा विरोध हेत्वाभासावर उभा नव्हता. पण ज्या टोकावर तू बोट ठेवलंस, तिथं तो होता.

आणि हे आम्ही कुठल्या फूटपट्टीनं मोजलं? टिळकांच्याच. १९१६ ची व्याख्या १८९१ ला लावून बघा. लोकांच्या हिताचं करील तो परका नव्हे. मग मुलींचा जीव वाचवणारा कायदा, निदान तेवढ्यापुरता, परका कसा? पंचवीस वर्षांनी टिळकांनी जे माप दिलं, त्यानं त्यांचंच जुनं म्हणणं उणं ठरतं. आम्हाला यात टिळकांचा अपमान दिसत नाही. स्वतःलाही मोजता येईल असं माप मागे ठेवून जाणारे पुढारी थोडे.

एक गोष्ट मात्र १९१६ च्या व्याख्येतही सुटलीय. 'लोकांचं हित' म्हणताना लोकांत कोण कोण? फुलमणीला कोणत्याच व्यासपीठावर जागा नव्हती, कायद्याच्या बाजूच्याही नाही आणि विरुद्धही नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न तो सभेत नाही, आणि त्याच्या हितावर बाकीचे भाषणं करतायत, असं दिसलं की कान टवकारायचे.

हे सगळं जयगडला येऊन का सांगतोय? कारण 'परका' शब्द इथं रोज वापरात आहे, फक्त उच्चार 'बाहेरचे' असा आहे. तुमच्या खाडीच्या तोंडाशी किल्ला आहे, शेजारी बंदर आलंय, बाराशे मेगावॅटचं वीजकेंद्र आलंय. कोकणात कोणताही प्रकल्प येवो, सभा होतात. एक बाजू म्हणते, विरोध करणारे बाहेरचे आहेत. दुसरी म्हणते, प्रकल्पवाले बाहेरचे आहेत. मुंबईहून चाकरमानी येऊन बोलला, तर त्याला म्हणतात तू गणपतीला येणारा, तुला काय कळतं? आणि गावात राहणारा बोलला, तर म्हणतात याला किती मिळाले? प्रकल्प चांगला की वाईट, यावर आमचं आज एक अक्षरही नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पाणी किती लागणार, मासेमारीचं काय होणार, नोकऱ्या किती आणि कोणाला, हे प्रश्न बोलणारा कुठला यावर अवलंबून नाहीत. बाहेरच्या माणसानं सांगितलेला खरा आकडा खराच असतो. घरच्यानं सांगितलेला खोटा आकडा खोटाच.

गौतमांच्या परंपरेत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. गंमत बघा, मराठीत आपण 'वाद' शब्द भांडणाला वापरतो. तिघांतला सगळ्यात चांगला शब्द आपण वाईट अर्थाला देऊन टाकला.

त्या दिवशी वर्गात ती मुलगी वाद करत होती, तर्कशास्त्र शिकवणारे आम्ही जल्प करत होतो, आणि टाळ्या आम्हाला मिळाल्या. ती आज कुठं आहे, ठाऊक नाही. पन्नाशी ओलांडली असेल. ही व्याख्यानं कोणीतरी उतरवून घेतं आणि ती दूरवर वाचली जातात, असं संयोजक सांगतात. तिच्यापर्यंत पोचलं, तर तिनं एवढं समजावं, की प्रश्न बरोबर होता आणि उत्तराला उशीर झाला.

आता प्रश्न विचारा. मागच्या ओळीतून सुरुवात करू. आम्ही थांबतो.